पाच पावलांवरचे ठिपके

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. सकाळचे नऊ वाजले असतील. फोन ह्यांच्या खिशात वाजला. हे नुसते "हो... हो... निघतोच" म्हणाले आणि दारातल्या पायरीवर खाली बसले. मला काही विचारावं लागलं नाही. सुधाकर भाऊजी, माझे धाकटे दीर, दोन वर्षांपासून डायलिसिसवर होते. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. मनाची तयारी आहे, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो. पण तयारी कशाची करतात हे मला अजून कळलेलं नाही. मला रडूही आलं नाही लगेच. मेथीची जुडी हातात तशीच धरून मी बसले होते आणि डोक्यात एकच गोष्ट येत होती... तीन दिवसांपूर्वी आपण ह्या माणसाशी खोटं बोललो, आणि आता ते मागं घेता येणार नाही.

ते खोटं एका शब्दाचं होतं. भाऊजींनी विचारलं, "वहिनी, कसं दिसते?" आणि मी म्हणाले, "छान." बस, एवढंच. ज्याला भाऊजींचं काम माहीत नाही त्याला वाटेल, यात काय एवढं? म्हणून आधी त्यांचं काम सांगते.

भाऊजी आधी इथल्या स्टील प्लांटमध्ये ठेकेदाराकडे इलेक्ट्रिशियन होते. ह्यांची नोकरी पक्की, त्यांची कच्ची. ठेका संपला की घरी बसायचं, नवा लागला की परत जायचं. त्या घरी बसायच्या दिवसांत त्यांनी औषधांच्या दुकानांवर लाल अक्षरं पळतात तशा पाट्या बनवायला घेतल्या. आम्ही राहतो त्या खुर्सीपार वस्तीत आमच्या घरापासून चार घरं सोडून त्यांचं घर. समोरच्या खोलीचं दुकान केलं. दुकान बघायची सुनंदा, माझी जाऊ. फोन घेणं, माल मागवणं, गिऱ्हाईकाशी भांडणं, सगळं तीच करायची. भाऊजींना भांडता येत नव्हतं. ते भांडायला लागले की त्यांना मधेच हसू यायचं.

एकदा रायपूरहून ते काखेत एक गुंडाळी घेऊन आले. सरळ माझ्या स्वयंपाकघरात आले, तांदळाचा डबा ओढला आणि ती गुंडाळी त्याला लपेटली. मागून रबरासारखं मऊ, पुढून बारीक बारीक काळे दाणे. वायर जोडली तर डब्याभोवती मासे फिरायला लागले. एक मासा डब्याच्या मागं गेला आणि दुसऱ्या बाजूनं आला. मी हातातला पोळपाट तसाच धरून बघत राहिले.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"पडदा आहे. वाकते. खांबाले गुंडाळा, कमानीले लावा, कुठंही."

"दिव्यांची चटई आहे ही तं," मी म्हणाले.

त्यांना ते फार आवडलं. पुढं कित्येक वर्षं ते गिऱ्हाईकाला सांगायचे, "इंग्रजी नाव राहू द्या. आमच्या वहिनीनं याचं नाव दिव्यांची चटई ठेवलं आहे." मी तिथं असले तर मला कुठं तोंड लपवावं असं व्हायचं.

त्या चटईतली खरी गोष्ट म्हणजे दिव्यांमधलं अंतर. एका दिव्यापासून दुसरा दिवा किती मिलिमीटरवर आहे, त्याला ते पिच म्हणायचे. अडीच, तीन, चार... दुकानात त्याला ढाईवाला, तीनवाला, चारवाला असंच म्हणायचे. भाऊजींनी मला ते दारातल्या रांगोळीवरून समजावलं होतं. ठिपके लांब लांब काढले तर जवळ उभ्या असलेल्याला ठिपकेच दिसतात, फूल दिसत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला मात्र फूल दिसतं. पडद्याचंही तेच. जितक्या मिलिमीटरचं अंतर, तितके मीटर तरी माणसानं लांब असायला पाहिजे. त्याहून जवळ आला की चित्र फुटतं. त्यांनी माझी पावलं टेपनं मोजली होती. माझी दोन पावलं म्हणजे एक मीटर भरायचा. म्हणजे ढाईवाल्याला पाच पावलं, तीनवाल्याला सहा, चारवाल्याला आठ. मला मीटरचं काही समजत नव्हतं, पण पावलांचं समजलं.

मग सगळीकडे ढाईवालाच का लावत नाही, असं मी विचारलं होतं. तर म्हणाले, तो महाग, त्यात दिवे जास्त म्हणून गरम जास्त, आणि वाकवताना कडेचे बारीक दिवे तुटून पडतात. "जेवढं लागते तेवढंच द्यायचं, वहिनी. जेवणात मीठ असते तसं." आमच्या चौकातल्या मिठाईवाल्याला दुकानाच्या वर, रस्त्याकडे तोंड करून सगळ्यात बारीक पडदा पाहिजे होता. दुसऱ्या कुणी लावूनही दिला असता. भाऊजी त्याला रस्त्याच्या पलीकडं घेऊन गेले आणि म्हणाले, "इथून तुमचा गिऱ्हाईक पाहणार. त्याले बारीक ठिपका काय कामाचा? तो काय बोर्ड चाटून पाहणार आहे?" मिठाईवाला नाराज झाला. नंतर मात्र त्यानंच आपल्या साडूचं काम पाठवलं.

कुठंही काम बघायला गेले की भाऊजी पडदा केवढा पाहिजे हे आधी विचारायचेच नाहीत. विचारायचे, "पाहणार कोण? अन् बसणार कुठं?" मग तिथं खरोखर कुणाला तरी बसवून बघायचे. सुरुवातीला ते सुनंदाला न्यायचे. पण तिला दुकान सोडून यायला जमायचं नाही, आणि शिवाय ती कुठंही बसली तरी म्हणायची, छान दिसते. भाऊजी म्हणायचे, "हिचं छान म्हणजे कोणी आलं की नमस्कार करतात तसं आहे. मी हिले पाहायला गेलो तेव्हा हिनं मलेही छानच म्हटलं होतं. आता भोगून राहिली." सुनंदा आतून ओरडायची, "तेव्हा डोक्यावर केस होते!"

तर मग ते मला न्यायला लागले. बायकांची बसायची जागा बाईलाच कळते, असं ह्यांना सांगितलं. ह्यांनी म्हटलं, "ने बाबा, पण ती काही बोलणार नाही." आणि खरंच मी बोलायची नाही. परक्या माणसांत माझी जीभ टाळूला चिकटते. लहानपणापासून तसंच आहे. मी आपली पदर घेऊन जायची, भाऊजी दाखवतील तिथं बसायची, पावलं मोजायची आणि परत यायची. लोकांना वाटायचं, घरातली कुणी बाई सोबत आली आहे. भाऊजी माझ्या तोंडाकडं बघायचे. मी गप्प असले की ते समजायचे, बरोबर आहे.

हे गप्प राहणंच एकदा नडलं.

बोरसीला एक मंगल कार्यालय आहे. तिथल्या हॉलमध्ये स्टेजच्या दोन्ही बाजूंना दोन गोल खांब. एका घरच्या लग्नासाठी त्या खांबांना पडदे लावायचे होते. काम बघायला आम्ही गेलो तेव्हा थंडीचे दिवस होते. मुलीचा काका, कार्यालयाचा मॅनेजर, मंडपवाला आणि आणखी दोघंतिघं उभे होते. मी खुर्च्यांची पहिली ओळ जिथं लागते तिथपासून खांबापर्यंत चालले. दहा पावलं झाली. चारवाला चालणार, हे सरळ होतं. पण परत येताना मला खांबाच्या बुडाशी, फरशीवर चार चार गंजाचे डाग दिसले. मोठ्या कूलरच्या स्टँडचे पाय. वर बघितलं तर प्लगचा बोर्डही तिथंच. माझ्या डोक्यात आलं, लग्न तर मे महिन्यात आहे. कूलर इथं लागणार. आणि आमच्याकडं कूलर लागला की खुर्च्या ओळीत राहतात का? जो तो खुर्ची उचलतो आणि कूलरपुढं नेऊन टाकतो. म्हाताऱ्यांना तर आधी तिथं बसवतात.

हे सगळं मला कळलं. पण पाच माणसं मोठमोठ्यानं बोलत होती. भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. ते म्हणाले, "ठीक आहे, चारवाला."

हळदीच्या दिवशी दुपारी आम्हीही गेलो होतो. बाहेर ऊन असं की चप्पल डांबराला चिकटत होती. आत दोन्ही खांबांशी दोन मोठे कूलर घरघरत होते आणि सगळा बायकांचा, म्हाताऱ्यांचा, पोरांचा घोळका त्यांच्यापुढं. मागच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या. नवऱ्या मुलीची आजी अगदी खांबाला लागून, तीन पावलांवर. मुलीचे वडील काही वर्षांपूर्वी वारले होते. घरच्यांनी त्यांचे जुने फोटो पडद्यावर लावायचे ठरवले होते. फोटो लागले, मागं बसलेल्या दोन-चार पुरुषांनी टाळ्या वाजवल्या, मागं उभ्या असलेल्या बायका रडायला लागल्या. आजी मात्र इकडं तिकडं बघत होती.

"कुठं आहे माझा लेक? तुमी साऱ्या कावून रडून राहिल्या? मले तं नुसते लाल-हिरवे दाणे दिसून राहिले."

कुणीतरी म्हणालं, "आजी, चष्मा पुसा." तिनं चष्मा पुसला. परत घातला. परत तेच.

मी भिंतीला टेकून उभी होते. भाऊजी स्टेजच्या मागून आले, आजीजवळ वाकले, काहीतरी बोलले आणि रामलालला हाक मारली. रामलाल त्यांचा फिटर, त्यांच्याच वयाचा, छत्तीसगढी माणूस. दोघांनी मिळून आजीला खुर्चीसकट उचललं आणि कूलरपासून लांब, मागं आणून ठेवलं. फोटो पहिल्यापासून परत लावायला सांगितले. तिथं वारा नव्हता. भाऊजी एका खोक्याचा पुठ्ठा घेऊन आजीला वारा घालत उभे राहिले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. आजीला तिचा मुलगा दिसला. ती काही रडली नाही. तिनं फक्त हात वर केला, लांबच्या माणसाला हाक मारताना करतात तसा...

परत येताना आम्ही ऑटोत होतो. भाऊजींनी रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, "वहिनी, तुमाले तेव्हा दिसलं होतं का?"

"कूलरचे डाग दिसले होते."

"मंग बोलल्या कावून नाही?"

"इतके माणसं होते."

"माणसं काय खातात तुमाले?" ते हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. पुढं जे म्हणाले ते मी अजून ह्यांनाही सांगितलेलं नाही. "मले आता ठिपके दिसत नाही, वहिनी. दोन वर्षं झाले. शुगरनं डोळे गेले. मले जवळून, लांबून सारेच पडदे गुळगुळीत दिसतात. चारवाला दाखवा का ढाईवाला, मले सारखंच. सुनंदाले माहीत आहे. दादाले सांगू नका. अन् धंद्यात कोणाले समजलं तं संपलं. मी तुमच्या डोळ्यानं पाहून राहिलो."

मग त्यांनीच सांगितलं की लांब भाषण करू नका. फुटलेलं दिसलं तर एकच शब्द म्हणायचा, 'ठिपके'. बाकीचं ते सांभाळतील. बरोबर असेल तर गप्प राहायचं, ते तर मला येतंच.

त्यानंतर सहा वर्षं मी तो एक शब्द बोलत आले. दुर्गच्या दवाखान्यात बोलले, शाळेच्या हॉलमध्ये बोलले, एकदा एका मोठ्या हॉटेलात कोट घातलेल्या चार माणसांसमोर बोलले. आवाज फुटायचा नाही नीट, पण शब्द निघायचा. भाऊजी लगेच म्हणायचे, "चला, याले बारीक लावावं लागते," जसं काही त्यांनाच दिसलं. लोक म्हणायचे, सुधाकरभाऊंची नजर फार तेज आहे. आम्ही बाहेर येईपर्यंत हसू दाबून ठेवायचो. त्यांचं नाव झालं ते त्यांच्या विचारण्यानं झालं, बसणार कोण, कुठं, किती वेळ. माझे फक्त डोळे होते. पण खरं सांगायचं तर आयुष्यात माझ्या बोलण्यावरून कुणी काही ठरवलं असेल तर ते तेवढंच.

मग किडन्या गेल्या. भाऊजींचं फिरणं बंद झालं. समोरच्या खोलीतच खाट टाकली, कारण दुकानाचा आवाज कानावर पडला नाही की त्यांना झोप येत नसे. पाय सुजायचे, पाणी मोजून प्यायचं. डायलिसिसच्या दिवशी ह्यांना सोबत जावं लागायचं, सुनंदाच्या घरचा स्वयंपाक माझ्याकडं, त्यांचं बिनमिठाचं वेगळं. दोन घरं, दोन चुली, दवाखाना. मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण त्या दिवसांत आम्ही सगळेच कसे चालत होतो ते आठवलं तरी अंग जड होतं.

शेवटचं काम मोहन नगरातल्या एका साडीच्या दुकानाचं होतं. दुकानाच्या मधोमध खांब, त्याला पडदा गुंडाळायचा आणि त्यावर साड्या दाखवायच्या. जागा बघायला मी आणि रामलाल गेलो. बायका जिथं गादीवर बसून साड्या बघतात, तिथून खांब पाच पावलं होता. मी दोनदा मोजलं आणि भाऊजींना येऊन सांगितलं, पाच. पण दुकानाचे शेठ तीनवाल्यावर अडून बसले होते, आणि माल देणाऱ्याकडंही तीनवालाच तयार होता. ढाईवाला म्हणजे परत शेठशी बोलणं, परत माल बदलणं, परत थांबणं. भाऊजींनी तीनवाल्याचा एक तुकडा घरी आणवला, पाण्याच्या निळ्या पिंपाला गुंडाळायला लावला आणि मला बोलावलं.

त्या दिवशी त्यांचं डायलिसिस झालं होतं. चेहरा राखेसारखा. उठून बसायचं म्हणून सुनंदानं पाठीशी उशी लावली. ह्यांची ड्यूटी होती म्हणून सकाळपासून मीच दवाखान्यात होते. माझी पाठ वाकत नव्हती. खोलीच्या दारापासून पिंप बरोबर सहा पावलांवर. तिथून चित्र नीट होतं. हिरवी साडी, जरीचे काठ.

"पाचवर उभ्या राहून पाहा, वहिनी," भाऊजी म्हणाले. त्यांनी डोळे मिटलेले होते.

मी एक पाऊल पुढं टाकलं. जरीची रेघ फुटली. काठावर नुसते पिवळे कण दिसायला लागले. जी बाई साडी घ्यायला येते ती काठच बघते, हे मला कुणी सांगायला नको. मला दिसलं, आणि त्याच वेळी हेही दिसलं की आता मी तो शब्द म्हटला की हा माणूस उद्या फोन लावणार, शेठशी बोलणार, दम लागणार, बोलता बोलता थांबणार. आणि मी... मला घरी जाऊन पडायचं होतं. दोन्ही खरं आहे. त्यांच्यासाठी गप्प राहिले असं म्हणायला बरं वाटतं, पण मला कंटाळाही आला होता. मी एक पाऊल मागं घेतलं, परत दाराशी आले.

"कसं दिसते?"

"छान," मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "बरं. जा तुमी आता. आराम करा."

हे माझ्याशी त्यांचं शेवटचं बोलणं.

दहावा झाला, तेरवी झाली. पाहुणे आले आणि गेले. पंधरा दिवसांनी मालाची खोकी आली. रामलालनं ती भाऊजींच्या खाटेच्या जागेवर रचून ठेवली. मी रोज डबा घेऊन जायची, ती खोकी बघायची आणि नजर फिरवायची. रामलाल विचारायचा, "कब लगाना हे, भौजी?" सुनंदा म्हणायची, लावू, लावू. मला एकच दिसायचं, गादीवर बसलेल्या बायका काठ बघायला पुढं वाकतात आणि त्यांना कण दिसतात. आणि कुणीतरी म्हणतं, सुधाकरभाऊ मरता मरता खराब काम करून गेले. ज्या माणसानं एका म्हातारीसाठी कूलर सोडून उकाड्यात उभं राहून वारा घातला, त्याच्या नावावर शेवटी हे काम राहणार, आणि ते माझ्यामुळं.

एकदा ह्यांच्याजवळ बोलून बघितलं, नुसतं वरवर, की तो पडदा कदाचित बरोबर नाही. हे म्हणाले, "जाऊ दे न आता. त्याचं शेवटचं काम आहे. जसं त्यानं ठरवलं तसं लागू दे. त्यात आपण हात नको घालू." कसं सांगू, की त्यांनी ठरवलं नव्हतं, मी ठरवलं होतं...

शेवटी एका दुपारी मी गेले. सुनंदा जमिनीवर बसून भाऊजींचे शर्ट वेगळे करत होती, कुणाला द्यायचे, कोणते ठेवायचे. मी तिच्याजवळ बसले. दोन शर्टांच्या घड्या घातल्या. मग सगळं एका दमात सांगितलं. पाच पावलांवर ठिपके दिसत होते. मी मागं सरकले. मी खोटं बोलले. तो माल परत पाठव, शेठला जे सांगायचं ते मी येऊन सांगते.

सुनंदानं हातातला शर्ट खाली ठेवला. माझ्याकडं बघत राहिली.

"ताई, खोक्यावरचं वाचलं नाही का तुमी?"

मी चौथीपर्यंतच शिकले, पण आकडे मला वाचता येतात. मी तिकडं बघायलाच भीत होते. उठले, खोक्याजवळ गेले. प्रत्येक खोक्यावर मोठ्या आकड्यांत अडीच लिहिलेलं होतं.

"तुमी घरी गेल्या न त्या दिवशी," सुनंदा म्हणाली, "तेव्हाच मले म्हणाले, फोन लाव. ढाईवाला सांग. मी म्हटलं, कावून? वहिनी तं छान म्हणून गेल्या. तं हसले. म्हणाले, वहिनीनं इतक्या वर्षांत कधी छान म्हटलं आहे का? बरोबर असलं की त्या बोलतच नाही. छान म्हणाल्या, म्हणजे तिथं काही गडबड आहे. मंग शेठले स्वतः फोन केला. अर्धा घंटा बोलत होते. घाम सुटला होता, तरी बोलत होते. पटवलं शेवटी."

"मले कावून नाही सांगतलं?"

"मी म्हणाली, ताईले सांगू का? तं म्हणाले, नको. त्या थकल्या आहेत. त्यांना दोन दिवस काही विचारू नको." ती परत शर्टाकडं वळली. "मंग मीच विसरली, ताई. इतकं सारं झालं."

मी खोक्यांना टेकून बसले. मला रडू आलं ते तेव्हा, चाळीस दिवसांनी. सुनंदानं मला रडू दिलं. ती आपली घड्या घालत राहिली.

गेल्या आठवड्यात पडदा लागला. सुनंदा दुकान बंद करून सोबत आली. शेठच्या दुकानात गर्दी नव्हती, सकाळची वेळ होती. रामलालनं खांबाला चटई गुंडाळली, सांधे हातानं दाबत गेला, एकेक तुकडा चुंबकानं आपल्या जागी बसत होता. मग वायर जोडली. हिरवी साडी उजळली, जरीचे काठ खांबाभोवती फिरायला लागले. शेठ गल्ल्यावरून उठून आले. सुनंदानं पहिल्यांदाच विचारलं, "कसं दिसते, ताई?" तिचा आवाज थोडा चिरकला.

मी खांबापासून पाच पावलं मोजली. गादीच्या कडेला बसले. पुढं वाकून काठ बघितला. शेठ माझ्याकडं बघत होते, सुनंदा बघत होती, कामावरच्या दोन मुली बघत होत्या. जरीची रेघ सोन्याच्या धाग्यासारखी सलग होती. एकही कण सुटा नव्हता.

मी काही बोलले नाही. रामलालनं एकदा भाऊजींसारखं माझ्या तोंडाकडं बघितलं, मान हलवली आणि फ्रेमचे नट कसायला घेतले.